गहू, वाळू आणि रबराचा पट्टा

जिममध्ये माणूस वजनापाशी जातो. घरी जाऊन व्यायाम शिकवायचा तर वजन माणसापाशी न्यावं लागतं, आणि जळगावात ते न्यायचं साधन म्हणजे दुचाकी. पायदानावर एक पिशवी, पाठीवर एक सॅक, आणि डिक्कीत जे मावेल ते. पिंप्राळ्यातलं घर आटोपून महाबळला, तिथून रिंग रोडला, आणि एखादं घर नेमकं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. अशा फेरीत रोज वीस-पंचवीस किलो लोखंड वागवणाऱ्या ट्रेनर मी पाहिल्या आहेत. वर्षभरात त्यांची कंबर धरते, मग त्या घरोघरी जाणं सोडतात, आणि ज्यांना खरंच घरी येणाऱ्या माणसाची गरज आहे त्या बायका आणि म्हातारी माणसं तशीच राहतात. म्हणून बॅगेत काय ठेवायचं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तो नीट सुटला तर हे काम वर्षानुवर्षं करता येतं.

चोपडा, अमळनेर, शिरपूर अशा गावांतल्या मुली आता या कामात येत आहेत. त्या फोन करून पहिलं हेच विचारतात, "ताई, सामान काय काय घेऊ?" आणि लगेच एखाद्या तयार संचाचा फोटो पाठवतात. त्यात डंबेल, दोरी, पोटाचं चाक, मोठा चेंडू, बारा रंगांचे पट्टे, सगळं असतं. मी त्यांना आधी विचारते की, तू ज्या घरात जाणार ते घर पाहिलंस का? दार लाकडाचं आहे की लोखंडी? फरशी कोणती? सोफा आणि दिवाणाच्या मधे किती जागा उरते? पंखा किती उंचीवर आहे? घरात खुर्ची कसली आहे? हे कळल्याशिवाय सामान घेणं म्हणजे पैसे घालवणं.

इतकी वर्षं हे करून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्याला घरात पर्याय नाही, तेवढंच बरोबर न्यावं. वजनाला घरात पर्याय असतो. आपल्याकडे तर भरपूर असतो, कारण खान्देशात अजूनही बऱ्याच घरांत वर्षाचे गहू-ज्वारी भरून ठेवतात, पाण्याच्या टाक्या-बादल्या असतात, घराचं काम कुठं ना कुठं चालू असतं म्हणून वाळू असते. घरात नसतो तो आडवा ताण. डंबेल घ्या, बादली घ्या, पिशवी घ्या, सगळं खालीच ओढतं. समोरून आपल्याकडे, वरून खाली किंवा बाजूनं आत ओढायला घरात काहीच नसतं. आणि आयुष्यभर ओट्याशी, शिलाई मशिनीशी किंवा शेतात वाकून काम केलेल्या बाईच्या पाठीला नेमकं तेच ओढणं हवं असतं. खांदे पुढं आलेले, मान पुढं गेलेली, हात वर करून फळीवरचा डबा काढताना दुखतंय. तिला समोरून ओढायचा व्यायाम दिल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. म्हणून मी ताण बरोबर नेते आणि वजन तिच्याच घरात शोधते.

हा ताण म्हणजे रबराचे पट्टे. तीन प्रकार सगळीकडे मिळतात. सपाट लांब पट्टा, हातात धरायला मुठी असलेली नळी, आणि गोल वळ्यासारखा बंद पट्टा. वयस्क माणसांसाठी मी सपाट पट्टाच घेते. तो तळहाताभोवती गुंडाळता येतो, बोटांत संधिवात असेल तर मनगटाला सैल बांधता येतो, त्याला धातूचा आकडा नसतो त्यामुळे सुटला तरी डोळ्याला लागायची भीती कमी, आणि हवा तेवढा कापता येतो. बंद वळं तरुण मुलींना, ट्रॅक पँटवर ठीक. आपल्या काकू गाऊनवर किंवा साडीवर व्यायाम करतात. साडीवर ते वळं गुडघ्याच्या वर टिकतच नाही, गुंडाळी होऊन सरकतं, आणि मग त्यांचं सगळं लक्ष व्यायामाऐवजी पदराकडे. सपाट पट्टा मांड्यांभोवती घेऊन पुढं गाठ मारली की तो जागेवर राहतो.

पट्ट्याचा ताण ठरलेला नसतो हे शिकणाऱ्याला सुरुवातीलाच समजावून द्यावं लागतं. जितका ताणाल तितका तो जड होतो. त्याच रंगाचा पट्टा अर्ध्या लांबीवर धरला तर तेवढाच हात ओढायला जास्त जोर लागतो. म्हणजे काल वीतभर पुढं धरला आणि आज मागं, तर आज ताकद वाढली की फक्त पकड बदलली हे कळायला मार्ग नाही. मी पट्ट्यावर बॉलपेननं खुणा करते. "आक्का, निळी खूण दोन्ही मुठींत." मग आजचा ताण कालच्याइतकाच. आठवड्या-दोन आठवड्यांनी खूण चार बोटं आत. रंगांवर मात्र विसंबू नये. एका कंपनीचा हिरवा दुसऱ्या कंपनीच्या लालपेक्षा हलका निघतो, म्हणून एका माणसासाठी एकाच कंपनीचे पट्टे घ्यावेत. आणि कुठलाही पट्टा मूळ लांबीच्या तिपटीपुढं ताणू नये.

आता खान्देशातली खरी अडचण. हे पट्टे बहुतेक नैसर्गिक रबराचे, म्हणजे झाडाच्या चिकाचे असतात. ऊन, उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल, या चारही गोष्टी त्यांना खातात. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्यानं काढला आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. सावलीतला पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा उन्हात लावलेल्या गाडीच्या डिक्कीत काय होत असेल? पट्टा तिथं राहिला तर आधी चिकट होतो, मग त्याच्या कडेला बारीक चिरा पडतात, आणि मग एक दिवस तो ताणलेला असतानाच तुटतो. तुटलेला पट्टा ज्या दिशेनं ओढत असतो त्याच दिशेनं येतो, म्हणजे तोंडाकडे. म्हणून माझे पट्टे डिक्कीत कधीच नसतात. ऑफिसला जाणाऱ्यांची डबा गरम ठेवायची चंदेरी अस्तराची पिशवी असते, तिच्यात सुती कपड्यात गुंडाळून ते माझ्याबरोबर घरात येतात. ती पिशवी जशी उष्णता आत धरते तशीच बाहेरचीही आत येऊ देत नाही.

रोज पहिला पट्टा हातात घेतला की मी तो खिडकीच्या उजेडासमोर थोडा ताणून धरते आणि दोन्ही कडा बोटांनी चाचपते. चीर बहुतेक कडेलाच सुरू होते. केसाएवढी जरी दिसली तरी तो पट्टा त्या दिवसापासून बाद. तो घरी भाज्यांच्या वेलांना बांधायला उपयोगी पडतो, ताण द्यायला नाही. तेलाचं तसंच. ताई येणार म्हणून पुष्कळ जणी आधीच गुडघ्याला तेल चोळून बसतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण पट्टा त्या तेलानं मऊ पडतो. म्हणून पट्टा नेहमी कपड्यावरून. घरी नेल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून वर थोडी टाल्कम पावडर. आणि पहिल्याच दिवशी विचारायचं की, फुगा किंवा रबरी हातमोजा लागला तर अंगाला खाज सुटते का? रबराची ॲलर्जी असलेली माणसं असतात, आणि त्यांच्यासाठी लॅटेक्स, म्हणजे हा झाडाचा चीक, नसलेले पट्टे मिळतात.

पट्टा बांधायचा कुठं, हे प्रत्येक घराचं वेगळं. बाजारात दारात अडकवायची एक पट्टी मिळते. तिच्या टोकाला जाड गोळा असतो, तो दाराच्या पलीकडं टाकून दार लावलं की पट्टा अडकतो. यात एक नियम जिवाचा आहे. दार ज्या बाजूला उघडतं त्या बाजूला उभं राहायचं नाही. आपण ओढलं की दार आणखी घट्ट बसलं पाहिजे. वर कडी लावायची, आणि घरातल्या सगळ्यांना सांगायचं की आता या दारातून कुणी येऊ नका. नातवंडं असलेल्या घरात हे दोनदा सांगावं लागतं. जुन्या जळगावातल्या घरांत जाड सागवानी दारं असतात, त्यांना फट जास्त असते आणि गोळा निसटतो. तिथं मी खिडकीचे गज वापरते. गज हलवून पाहते, गंजाच्या कडांवर जुनं सुती कापड गुंडाळते, आणि मगच पट्टा टाकते. दाराची कडी, कोयंडा, नळ, कपाटाची मूठ यांना पट्टा कधीही बांधू नये. एक माणूस जोर लावून ओढेल म्हणून त्या बसवलेल्याच नसतात.

आणि ज्या घरात झोका आहे तिथं मला विशेष आनंद होतो. आपल्याकडे बैठकीत लाकडी झोका असणं अजून टिकून आहे. स्लॅब टाकतानाच सळईत अडकवून बसवलेल्या त्या कड्या दोन-तीन माणसांचा भार रोज सोसत असतात. झोका काढून ठेवला की त्याच कड्यांना लोंबत्या पट्ट्या अडकवता येतात. या पट्ट्यांचं आजचं रूप टीआरएक्स नावानं प्रसिद्ध आहे. अमेरिकी नौदलाच्या सील पथकातल्या रँडी हेट्रिकनं नव्वदच्या दशकात ज्यू-जित्सूचा पट्टा आणि पॅराशूटची पट्टी जोडून ते पहिल्यांदा केलं, कारण मोहिमेवर जिम नव्हतं आणि अंगाचं वजन मात्र बरोबर होतं. अंग मागं झुकवून दोन मुठी ओढायच्या. पाय जितके पुढं तितकं जड, जितके मागं तितकं हलकं. सत्तरीचे नाना आणि त्यांची कॉलेजातली नात एकाच पट्टीवर आपापल्या ताकदीनं व्यायाम करू शकतात. सगळी पट्टी किलोभराचीही नसते. पण कडी नंतर भोक पाडून बसवलेली असेल, किंवा ती बाळाच्या पाळण्याची असेल, तर तिला मोठ्या माणसाचं अंग टांगू नये. घरमालकाला स्पष्ट विचारावं, शंका असली तर सोडून द्यावं.

वजनाकडे येते. माझ्या सॅकमध्ये दोन रिकाम्या पिशव्या असतात. जाड कॅनव्हासच्या, दोन्ही बाजूंना मजबूत बंद, आत दुहेरी प्लास्टिकची पिशवी. त्या रिकाम्या असताना काहीच जड नाहीत. भरायच्या त्या घरातच.

पारोळ्याकडच्या एक आज्जी मुलाकडे जळगावात राहतात. मी दारात दिसले की ओट्यावरूनच विचारतात, "काय लई उनी व पोरी आज?" म्हणजे, आज काय घेऊन आलीस? त्यांच्या गुडघ्यांना आणि कमरेला वजन उचलायची सवय लावायची होती. कोठीत गहू होतेच. मी म्हटलं, पाच किलो गहू या पिशवीत भरू, जमिनीवरून उचलायचे आणि ठेवायचे. आज्जींनी पिशवीकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं आणि मान हलवली. "अन्नले पाय लागी ना माय!" त्यांचं बरोबर होतं. जमिनीवर पायांच्या मधे ठेवलेल्या पिशवीला पाय लागणारच, आणि ज्या बाईनं आयुष्यभर सांडलेला दाणा वेचून घेतला तिला ते सहन होणार नाही. मग समोरच्या बांधकामावरून वाळू आणली. चाळून, उन्हात कोरडी करून भरली. वाळूचा आणखी एक फायदा आहे. एक लिटरच्या मापात गहू पाऊण किलोच्या थोडे वर भरतात, कोरडी वाळू दीड किलोच्या वर. म्हणजे तेवढ्याच वजनाची पिशवी निम्म्या आकाराची होते, अंगाजवळ धरता येते, आणि कमरेवर ताण कमी येतो. तेव्हापासून गव्हाची पिशवी मी फक्त छातीशी धरायच्या व्यायामांना वापरते. जमिनीवर ठेवायची ती वाळूची.

पाणी मला वजन म्हणून सगळ्यात आवडतं, कारण ते मोजून वाढवता येतं. एक लिटर म्हणजे एक किलो. दुकानातलं डंबेल एक किलोवरून दोनवर जातं, म्हणजे एकदम दुप्पट. फ्रोजन शोल्डरमधून, म्हणजे आखडलेल्या खांद्यातून, सावरणाऱ्या हाताला ती उडी फार मोठी आहे, आणि तिथंच बायका थांबतात, "नाही झेपत ताई" म्हणतात. पाण्याच्या बाटलीत आज अर्धा लिटर, चार दिवसांनी शंभर मिलिलिटर जास्त, पुन्हा चार दिवसांनी शंभर. खांद्याला कळतही नाही आणि महिन्याभरात किलोच्या पुढं गेलेलं असतं. स्नायूंवरचा भार असाच थोडा थोडा आणि सतत वाढायला हवा, तरच ते वाढतात. बाटली पूर्ण भरलेली नसेल तर आतलं पाणी हलतं आणि मनगटाला सावरावं लागतं. कुणाकुणाला तेही चांगलं, पण ज्यांचं मनगट दुखतं त्यांच्यासाठी लहान बाटली काठोकाठ भरावी. पायांसाठी बादली. दोन हातांत दोन अर्ध्या बादल्या घेऊन बैठकीपासून मागच्या दारापर्यंत सरळ चालणं, खांदे न पाडता. पकड, पोट, पाठ, तोल, सगळं त्यात येतं.

लोखंड घरात असतं का? असतं, आणि कधी कधी फार चांगलं असतं. दाणा बाजारात ज्यांची आडत होती अशा एका आप्पांच्या घरी माडीवर जुनी तोलायची मापं पडलेली होती, पाच, दहा आणि वीस किलोची, वर पकडायला दांडी असलेली. आज सगळीकडे दिसणारं केटलबेल मुळात हेच आहे. रशियात धान्य तोलायच्या मापांना मूठ होती, बाजारातले हमाल ती उचलून जोर आजमावत, आणि त्यातून व्यायाम तयार झाला. त्यांचं जुनं माप पूड, म्हणजे सुमारे १६.३८ किलो, म्हणूनच केटलबेल आजही ८, १६, २४, ३२ अशी मिळतात. आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी नातवाला वर पाठवून मापं खाली आणवली, स्वतः घासून पुसून ठेवली. दहाचं माप जमिनीवर फार बुटकं पडतं, वाकावं जास्त लागतं, म्हणून ते पाटावर ठेवायचं. पाठ सरळ, कूल्हे मागं, आणि उठताना मोठ्यानं आकडा म्हणायचा. आप्पा आकडे मोठ्यानं म्हणत नाहीत, दाण्याची पोती मोजल्यासारखे सुरात म्हणतात, आणि ते उत्तमच आहे, कारण बोलणाऱ्या माणसाचा श्वास अडकून राहत नाही. रक्तदाब असलेल्यानं श्वास रोखून वजन उचलणं धोक्याचं असतं.

पाटाचा उल्लेख आला म्हणून सांगते. पाट पायरी म्हणून चढ-उतर करायला वापरू नये. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो, आणि दोन पाट एकावर एक तर मुळीच नको. चढ-उतर करायला ओट्याची किंवा जिन्याची पहिली पायरी आहे, कठडा धरून.

घरातलं सगळ्यात मोलाचं सामान खुर्ची आहे. तिच्यावरून हात न टेकता उठणं-बसणं यासारखा व्यायाम साठीनंतर दुसरा नाही. पायांची ताकद मोजायची एक सोपी चाचणी जगभर वापरतात. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची, हात छातीवर, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. मी पहिल्या दिवशी हेच करते आणि आकडा त्यांच्याच कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या हिशोबाशेजारी. आपल्याकडच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हलक्या असतात, फरशीवर मागं जातात, म्हणून खुर्चीची पाठ भिंतीला टेकवूनच ठेवायची. आणि ज्यांना अजून उठवतच नाही त्यांच्यासाठी दोन-तीन खुर्च्या एकात एक घालायच्या. बैठक थोडी उंच होते आणि वाकत नाही. जसजशी ताकद येते तसतशी एकेक खुर्ची काढायची. यासाठी कुणाला एक रुपया खर्च करावा लागत नाही.

पण खुर्चीवर थांबून भागत नाही, कारण आपलं आयुष्य जमिनीवरही असतं. त्या आज्जींना मी विचारलं होतं, तुम्हाला काय जमायला हवं? वजन कमी, साखर कमी, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. कानबाईला खाली बसता आलं पाहिजे, म्हणाल्या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, ही आपली खान्देशाची देवी, बसते, रोट होतात, रात्र जागते, सोमवारी विसर्जन. घरातली मोठी बाई सगळ्यांच्या मधे जमिनीवर बसलेली असते. दोन वर्षं त्या खुर्चीवर बसून लांबून बघत होत्या. सुनांनी कधी काही म्हटलं नाही, त्यांनाच सोसवत नव्हतं. एवढं स्पष्ट सांगितल्यावर कोणतं सामान हवं ते आपोआप ठरलं. दिवाणावरून बुटक्या स्टुलावर, स्टुलावरून दोन लोडांवर, लोडांवरून पाटावर, पाटावरून सतरंजीवर. सतरंजी फरशीवर सरकते म्हणून तिच्याखाली रबरी जाळी. गुडघा टेकवायला माझ्या बॅगेतली लहान जाड गादी. उठताना आधी एक गुडघा, मग खुर्चीवर एक हात, मग दोन्ही पाय. शिवाय वाळूची पिशवी, कारण जमिनीवरून उठणारे कूल्हे पिशवी उचलूनच मजबूत होतात. बाजारात या कामासाठी कुठलंही यंत्र मिळत नाही.

मॅट मी नेत नाही. ती ज्याची त्याची असावी, घामाची गोष्ट आहे. सहा मिलिमीटरची पुरते. गादीसारखी जाड मॅट झोपून करायच्या व्यायामांना बरी वाटते, पण तिच्यावर एका पायावर उभं राहताना घोटा डगमगतो. मोठा चेंडू नेत नाही. फुगवायला वेळ जातो, उंचीप्रमाणे ५५ किंवा ६५ सेंटिमीटरचा वेगळा लागतो, आणि विट्रिफाइड टाइल्सवर म्हातारं माणूस त्याच्यावर बसवायची माझी तयारी नाही. दोरीवरच्या उड्या फ्लॅटमध्ये नकोत, खाली माणसं राहतात. कंप देणारे पट्टे, पोटाला बांधायची यंत्रं यांच्याबद्दल कुणी विचारलं तर मी सरळ सांगते की पैसे ठेवा.

मात्र तीन लहान गोष्टी सॅकमध्ये असल्याच पाहिजेत. दंडावर बांधायचं रक्तदाबाचं डिजिटल यंत्र, त्याला मोठ्या दंडाचा वेगळा पट्टा. लहान पट्टा जाड दंडावर ओढून बांधला तर रक्तदाब आहे त्याहून जास्त दिसतो. आकडा १८०/११० च्या वर दिसला तर पाच मिनिटं बसवून पुन्हा घ्यायचा, आणि तसाच असेल तर त्या दिवशी वजन नाही, त्यांच्या डॉक्टरांना फोन. दुसरी साखर. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला व्यायामात घाम फुटून हात थरथरू लागले तर ती लगेच तोंडात गेली पाहिजे, स्वयंपाकघरात डबा शोधत बसायला नको. तिसरी मोजपट्टी. खुर्चीची उंची, पट्ट्याची लांबी, खांदा किती वर गेला, सगळं तिनं मोजता येतं, आणि माणसाला स्वतःची प्रगती आकड्यात दिसते.

उन्हाळ्यात वेळही सामानाइतकीच सांभाळावी लागते. सकाळी साडेसातनंतर मी वजनाचे व्यायाम घेत नाही. बायकांना मोकळा वेळ स्वयंपाक आटोपल्यावर, अकराच्या पुढं मिळतो, आणि एप्रिल-मेमध्ये तो वेळ नेमका नको तो. तेव्हा कूलरसमोर बसून पट्ट्याचे हलके व्यायाम, खांदे, मान, घोटे एवढंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत, आणि पासष्टीच्या पुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळायचेही, असं सांगितलं आहे. दोन दिवस मी येते. तिसऱ्या दिवशी माझ्याशिवाय काय होतं यावर सगळं अवलंबून असतं. त्या दिवशी घरात खुर्ची असते, बादली असते, वाळूची पिशवी कोपऱ्यात असते. माझ्याबरोबर निघून जाणाऱ्या चकचकीत सामानावर व्यायाम शिकवला असता तर तो माझ्याबरोबरच निघून गेला असता.

म्हणूनच पहिला महिना मी कुणाला काही विकत घ्यायला सांगत नाही. महिन्यानंतर फक्त एक पट्टा आणि एक मॅट. नव्या मुलींनी इथं एक पथ्य पाळावं असं मला मनापासून वाटतं. सामान आपण विकू नये, दुकानदाराकडून टक्केवारी घेऊ नये. एकदा का सामान खपवण्यात आपला फायदा आला, की काकूंच्या गुडघ्याला काय हवं हे पाहणारी नजर बदलते, आणि काकूंनाही ते कळतं. मी कागदावर लांबी, रुंदी, लॅटेक्स हवं की नको, आणि कुठल्या रंगाच्या जवळपासचा, एवढं लिहून देते. मुलगा किंवा सून बाजारातून किंवा मोबाइलवरून मागवते. आला की मी तो उजेडात धरून दोन्ही कडा तपासते, पहिला ताण स्वतः देते, बॉलपेननं खुणा करते आणि त्यांच्या हातात देते.